कूलरच्या घरघरीत जगाचा विनोद

"काहून बे, झोपून राहिला का?" या वाक्याचं इंग्रजी सबटायटल काय येईल? 'आर यू स्लीपिंग?' माहिती पोचली, गंमत इकडेच राहिली. 'काहून'मधला खोडसाळपणा, 'बे'मधली सलगी, 'झोपून राहिला' हा अस्सल नागपुरी थाट, सगळं चाळणीच्या वरच अडकलं. इटालियन, जपानी, रशियन विनोद आपल्यापर्यंत येतो तो याच चाळणीतून. त्यामुळे परदेशी कॉमेडी शोधताना देश नंतर बघायचा. आधी बघायचं की हसू कशावर उभं आहे: शरीरावर, प्रसंगावर की शब्दावर. बहुतेक लोक सुरुवातच शब्दांवरच्या विनोदापासून करतात, दोन एपिसोडमध्ये कंटाळतात आणि 'आपल्याला नाही जमत बुवा त्यांचा विनोद' म्हणून मोकळे होतात.

शरीरावरचा विनोद सगळ्यात कमी गळतो. मूकपटांचा अमेरिकन नट-दिग्दर्शक बस्टर कीटनच्या १९२८ च्या 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर'मध्ये वादळ सुटतं आणि एका घराची दर्शनी भिंतच्या भिंत त्याच्या अंगावर कोसळते. तो हलत नाही. भिंतीतली माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या डोक्यावरून खाली जाते आणि तो चौकटीच्या मध्ये उभाच राहतो. भिंत खरी होती, जड होती आणि खिडकीत त्याच्या अंगापुरतीच जागा होती. चेहऱ्यावर मात्र काही नाही, ना भीती ना सुटकेचा श्वास. याला कोणत्या सबटायटलची गरज आहे?

इथे घात होतो तो प्रतीचा. मूकपटांच्या यूट्यूबवर डझनभर प्रती असतात आणि त्यातल्या बऱ्याच रद्दी. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला चोवीसपेक्षा कमी फ्रेम घेतल्या जात. तीच फिल्म आजच्या वेगाने पळवली की माणसं मुंगीसारखी तुरुतुरु धावतात आणि 'जुने सिनेमे असेच असतात' असा गैरसमज पक्का होतो. ओळखायचं कसं? लांबी बघा. कीटनचा 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) साधारण ४५ मिनिटांचा आहे. समोरची प्रत ३५ मिनिटांची असेल तर एक तर कापलेली आहे, नाही तर पळवलेली. 'द जनरल' (१९२६) सव्वा तासाच्या खाली दिसला तर तोही सोडा. दुसरी खूण संगीताची: दृश्यात आगगाडी आदळतेय आणि मागे संथ पियानो आपल्याच तंद्रीत वाजतोय, म्हणजे कुणीतरी हाताला लागेल ती पट्टी चिकटवली आहे. आवाज बंद करून बघितलं तरी चालेल, चुकीच्या संगीतापेक्षा बरं.

घरात इंग्रजी वाचायला कंटाळणारी वडीलधारी मंडळी आणि वाचता न येणारी पोरं एकाच वेळी बसणार असतील तर फ्रान्सचा नट-दिग्दर्शक जाक ताती हा हुकमी एक्का. १९५३ च्या सिनेमात त्याने साकारलेला मस्य उलो समुद्रकिनारी सुट्टीवर जातो, १९५८ च्या 'मों ओंक्ल'मध्ये बहिणीच्या आधुनिक घरात भेटीला. त्या घरात माशाच्या आकाराचं कारंजं आहे. बाई ते फक्त चांगला पाहुणा आला की सुरू करतात आणि उलो किंवा सामान आणून देणारा पोऱ्या दिसला की बंद. नागपुरातही दिवाणखान्यातला एसी आणि पाहुण्याची ऐपत यांचा असाच हिशेब असतो, त्यामुळे हा विनोद आजीला समजावून सांगावा लागत नाही. पोरांसाठी ब्रिटनचा 'शॉन द शीप' आहेच, त्यात शब्दच नाहीत.

रशियन विनोदाचं नाव काढलं की लोक भुवया उंचावतात, पण मोसफिल्म या स्टुडिओच्या स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर जुने सिनेमे इंग्रजी सबटायटलसह फुकट आहेत. तिथे दिग्दर्शक लिओनिद गायदाय शोधा. 'ऑपरेशन वाय' (१९६५) मध्ये तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, मधली आधी बघा. परीक्षेच्या दिवशी शुरिक नावाच्या विद्यार्थ्याला नोट्स मिळत नाहीत. ट्राममध्ये एका मुलीच्या हातात त्या दिसतात आणि तो तिच्या खांद्यावरून वाचायला लागतो. ती उतरते, हाही उतरतो. ती वाचत वाचत घरी जाते, हाही मागोमाग घरात. खाणंपिणं, आडवं होणं, सगळं नोट्समधून डोकं वर न काढता, आणि दोघांपैकी एकालाही दुसरा दिसलेला नाही. धरमपेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या कुणालाही रशियन यायची गरज नाही.

प्रसंगावरच्या विनोदाचा एक फायदा असा की त्याचे रिमेक होतात आणि रिमेकची साखळी धरून मागे जाणं ही शोधाची सगळ्यात सोपी वाट आहे. ओळखीच्या हिंदी सिनेमापासून सुरुवात करा. 'खेल खेल में' (२०२४) बघितला असेल तर त्याचं मूळ इटालियन 'परफेत्ती स्कोनोशूती' (२०१६), दिग्दर्शक पाओलो जेनोवेझे. जेवायला जमलेले मित्र ठरवतात की आज सगळ्यांचे फोन टेबलावर, येईल तो मेसेज आणि कॉल सगळ्यांसमोर. जगात सर्वाधिक रिमेक झालेला सिनेमा म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे. मूळ बघताना एक गोष्ट लक्षात ठेवून बघा: दोघांचे फोन एकाच मॉडेलचे असतात आणि एक जण आपलं लफडं झाकायला ते बदलून घेतो. तिथून पुढे दुसऱ्याच्या गुपितासाठी त्याला शिव्या खाव्या लागतात, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं उघडं पडतं. म्हणजे गप्प बसला तरी मेला, बोलला तरी मेला. हा सांगाडा कोणत्याही भाषेत उभा राहतो. बदलतं ते मांस: कोणत्या गुपिताने कोणत्या घरात आभाळ कोसळतं. दोन्ही पाठोपाठ बघितले की तो देश कशाला लाजतो ते कळतं. ब्रिटिश 'येस मिनिस्टर' (१९८०-८४) आणि त्यावरून स्टार प्लसवर २००१ मध्ये आलेली फारुख शेख यांची 'जी मंत्रीजी' हीसुद्धा अशीच जोडी. इंग्रजीतली लांबलचक सरकारी वाक्यं झेपत नसतील तर हिंदीवरून आत शिरा.

आता सबटायटल. इंग्रजी सबटायटलच्या एका ओळीत साधारण ४२ अक्षरं बसतात आणि पडद्यावर दोनच ओळी येतात. गंभीर सिनेमासाठी ठीक आहे, विनोदासाठी हा फास आहे. वरच्या ओळीत पेरणी, खालच्या ओळीत टोला, आणि नट अजून पहिल्याच अर्ध्यात. तुम्ही आधी हसता, तो नंतर बोलतो, तोवर हवा गेलेली. वेगाने बडबडणाऱ्या सिनेमात याला इलाज नाही, तिथे हिंदी डब असेल तर खुशाल लावा. स्टीफन चाओचा 'कुंग फू हसल' (२००४) हिंदीत काही फार गमावत नाही, कारण कँटनीज कोट्या सबटायटलमध्येही मेलेल्याच असतात. याउलट फिनलंडच्या आकी कौरिसमाकीचा 'फॉलन लीव्ह्ज' (२०२३) डब करून बघणं म्हणजे तर्रीविना पोहे. तिथे विनोद दोन वाक्यांमधल्या गप्प बसण्यात आहे, आणि माणसं इतकी कमी बोलतात की वाचण्याचा ताणच नाही. ८१ मिनिटांत संपतोही.

यूट्यूबवर 'ऑटो-जनरेटेड' लिहिलेलं सबटायटल आणि त्यावर पुन्हा मराठीत ऑटो-ट्रान्सलेट हा प्रयोग करू नका. यंत्राने ऐकलेलं दुसऱ्या यंत्राने सांगितलेलं असतं. अर्थ कसाबसा येतो, टोला कधीच नाही. यादीत त्याच भाषेचं साधं सबटायटल वेगळं असेल तर ते माणसाने केलेलं असण्याची शक्यता जास्त. नेटफ्लिक्सवर हवी ती सबटायटल भाषा दिसत नसेल तर प्रोफाइलची भाषा बदलून बघा, कारण काही उपकरणांवर प्रोफाइलच्या भाषेनुसार मोजक्याच भाषा दाखवल्या जातात.

डीव्हीडी किंवा उतरवलेली फाइल असेल आणि सबटायटल मागेपुढे होत असेल तर आधी दुखणं ओळखा. सिनेमाच्या पाचव्या मिनिटाला फरक किती आणि ऐंशीव्या मिनिटाला किती, हे मोजा. दोन्हीकडे सारखाच असेल तर सोपं आहे: विंडोजवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'एच' दाबलं की सबटायटल ५० मिलिसेकंद उशिरा येतं, 'जी' दाबलं की तेवढंच लवकर. फरक वाढत जात असेल तर कितीही बटणं दाबा, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. कारण युरोपीय प्रतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि इतरत्र बहुधा २३.९७६, एकाची सबटायटल फाइल दुसऱ्याला लावली की दीड तासात साडेतीन मिनिटांहून जास्त घसरण होते. 'सबटायटल एडिट' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे, २५ वरून २३.९७६ किंवा उलट, एका मिनिटाचं काम. आणि अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर फाइल खराब नसते, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, चुकलेलं असतं. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये सबटायटल विभागात ते बदलता येतं.

मे महिन्यात नागपुरात अजून एक अडचण असते, खिडकीतला कूलर. संवाद बुडतात आणि आवाज वाढवला की संगीत कानठळ्या बसवतं. कूलर अर्धाच दोषी आहे. ॲपचा आवाज ५.१ वर (म्हणजे सहा स्पीकरसाठीचा) असेल तर संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळा असतो आणि टीव्हीला तो स्पीकरच नसतो. दोन स्पीकरमध्ये मिसळताना संवाद दबतो. ऑडिओच्या यादीत 'स्टिरिओ' असेल तर तो निवडा आणि टीव्हीत नाइट मोड किंवा क्लिअर व्हॉइस असं काही असेल तर चालू करा. 'डेरी गर्ल्स'सारखी मालिका (तीन सीझन, १९ भाग) तर कूलर बंद असतानाही इंग्रजी सबटायटल लावूनच बघावी. उत्तर आयर्लंडचे उच्चार आहेत, त्यात कमीपणा नाही.

शोधायची साधनं थोडक्यात. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळाच्या ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये प्रकार कॉमेडी, देश हवा तो, आणि मतांची किमान संख्या टाका: मोठ्या देशांसाठी पाच हजार, आइसलँड-जॉर्जियासारख्यांसाठी हजार. कॉमेडीला लोक हात आखडून गुण देतात, त्यामुळे ७ च्या आसपासचाही सिनेमा चांगला निघतो. साडेआठवाला दिसला की मतं एकाच देशातून आलेली नाहीत ना, ते प्रतिक्रियांच्या भाषेवरून बघा. नाव शोधताना मूळ नावही टाका, कारण इंग्रजी नाव पुष्कळदा वेगळंच असतं. भारतात कुठे दिसतोय हे जस्टवॉच या संकेतस्थळावर कळतं, तिथे देश भारत ठेवायला विसरू नका.

राजकीय उपहास अवघड म्हणून लोक बाजूला ठेवतात. नागपूरकरांनी तरी ठेवू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर बडगे, म्हणजे टोमणे लिहिलेले पुतळे, निघतात, त्यांच्यावर काय लिहिलंय हे परगावच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, आपण वाचूनच हसतो. मिलोश फोरमनचा 'फायरमेन्स बॉल' (१९६७) चेकोस्लोव्हाकियाचा बडग्याच आहे. अग्निशामक दलाचा नाचगाण्याचा कार्यक्रम, त्यात लॉटरीची बक्षिसं एकेक करून चोरीला जातात. शेवटी समिती ठरवते की दिवे मालवू, ज्याने नेलं त्याने गुपचूप परत ठेवावं. दिवे लागतात तेव्हा एकच माणूस मांसाचा तुकडा परत ठेवताना पकडला जातो, तो समितीचाच. बाकीच्यांनी अंधारात उरलेलंही नेलेलं असतं. याच्यावर बंदी का आली हे समजायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही. इराणचा 'मारमूलक' (२००४) असाच: चोर मौलवीच्या कपड्यात तुरुंगातून पळतो आणि लोक त्याला खरंच मौलवी समजू लागतात. तो तिकडच्या थिएटरांतून काही आठवड्यांत उतरवला गेला.

किती वेळ देऊन सोडायचं? सिनेमाला २५ मिनिटं, वीस-बावीस मिनिटांच्या मालिकेला तीन भाग. ब्रिटिश मालिका पहिल्या भागापासून बघा, सीझन बहुधा सहा-सात भागांचेच असतात, वाया काही जात नाही. अमेरिकन 'द ऑफिस'चा पहिला सहा भागांचा सीझन मात्र कच्चा आहे, थेट दुसऱ्यावर गेलात तरी काही अडत नाही.

या २५ मिनिटांच्या नियमाला एक अपवाद, आणि तो आधी सांगितलेला बरा. जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७). सुरुवातीची ३७ मिनिटं एकाच सलग शॉटमध्ये एक अत्यंत टुकार झोंबीपट चालतो. नट मध्येच अडखळतात, संवाद विनाकारण लांबतात, कॅमेऱ्याच्या काचेवर डाग पडतो. घरातलं कुणीतरी रिमोट मागेलच. देऊ नका, आणि ते डाग, ती अडखळणं, कोण कधी चौकटीबाहेर गेलं, हे लक्षात ठेवा. त्यातल्या एकेकाची उधारी पुढे फेडली जाते.