केंब्रिज बे: रडारच्या पायथ्याची माती

जुलैत एडमंटनहून यलोनाइफ आणि तिथून केंब्रिज बे गाठलं. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, व्हिक्टोरिया बेटावर असलेल्या या गावाचं मूळ नाव इकालुक्तुत्तियाक, म्हणजे मासे चांगले मिळणारी जागा. धुक्यामुळे विमान दीड दिवस रखडलं, तेव्हा परतीला दोन दिवस हाताशी ठेवाच.

शीतयुद्धात, १९५७ पर्यंत, अलास्कापासून पूर्वेकडे रडार ठाण्यांची रांग उभी राहिली. पुढे बरीच ठाणी बंद झाली. डिझेल मुरलेली माती, पीसीबी हे विषारी रसायन असलेला रंग आणि पिंपं मात्र तिथेच राहिली. कॅनडाच्या संरक्षण खात्याने २१ ठाणी साफ केली. त्यातल्या नुनावुत या उत्तरेकडल्या प्रदेशातल्या ठाण्यांसाठी १९९८ साली तिथल्या मूळ रहिवासी इन्युइटांशी करार झाला, त्यात स्थानिकांना काम देण्याची अट होती. मला हीच अट सगळ्यात मोलाची वाटते.

किनाऱ्यावरच्या एका ठाण्यावर राबलेले एक आजोबा भेटले. डिझेलची माती पातळ थरात पसरायची, नत्र-स्फुरद घालायचं आणि पुन्हा पुन्हा उलथायची, असं त्यांनी हातवारे करून दाखवलं. आपल्याकडे वखराची पाळी देतात, अगदी तसंच! मातीतले जिवाणू तेल खातात, पण काम करायला त्यांना जेमतेम दोन-तीन महिन्यांचा उन्हाळा मिळतो. पीसीबीवर ही मात्रा चालत नाही. जास्त दूषित माती डब्यांत भरून जहाजाने दक्षिणेला पाठवावी लागते. पिंपं कुठे पुरली होती हे नकाशावर नव्हतं. ते शिकारीला त्या वाटेने जाणाऱ्यांना ठाऊक होतं, असं आजोबा म्हणाले.

इथलं रडार आजही चालू आहे, त्यामुळे कुंपणाच्या आत परवानगीशिवाय जाऊ नका. नमुने घ्यायचे असतील तर नुनावुत रिसर्च इन्स्टिट्यूटचा परवाना महिनोन्‌महिने आधी मागा. जमीन इन्युइटांच्या मालकीची असेल तर किटिकमेऑट इन्युइट असोसिएशन या त्यांच्या इथल्या संघटनेचीही परवानगी लागते. डासांसाठी डोक्याची जाळी आणि पाणी न शिरणारे बूट न्या. किराणा फार महाग आहे, म्हणून डाळ-तांदूळ घरूनच घ्या. आभार मानायला ‘क्वाना’ म्हणा.

काही ठिकाणी कचरा गोठलेल्या जमिनीच्या भरवशावर भरावाखाली गाडला आहे. तो गोठलेलाच राहतोय ना हे तपासायला आत तापमापक बसवतात. त्यांचे आकडे मिळाले तर गावाला सोप्या भाषेत समजावून सांगा. आजोबांनी माझ्याकडे पहिल्यांदा तेच मागितले होते.