एसी बंद, तरी घुमतंय काय?

मे महिन्यात साताऱ्याकडचे एक काका त्यांची इलेक्ट्रिक गाडी घेऊन पुण्यात आमच्या वर्कशॉपला आले. "विहिरीवरची मोटर कोरडी चालली की कशी घूंऽऽ करते, तसा आवाज येतो. घाट चढून आलो, चार्जिंगला लावली की हमखास."

मी जॉब कार्डवर 'एसीचा आवाज' लिहिलं तर काका चिडले. "अहो, एसी बंद असतो म्हणतोय ना!"

त्यांचंही खरं होतं. पण या गाडीत कंप्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, इंजिनाच्या पट्ट्यावर नाही, हाय व्होल्टेज बॅटरीवर फिरतो, आणि माणसांसोबत बॅटरीलाही गार ठेवतो. एसी बंद असला तरी फास्ट चार्जिंगला बॅटरी तापली की हा आपला सुरू. पेट्रोल गाडीत असला आवाज इंजिनाखाली दबून जातो. इथे दाबणारं कुणीच नाही.

सकाळी वर्कशॉपमध्ये एसी 18 वर टाकला, ब्लोअर फुल. कंप्रेसर वेग घेताना क्षणभर 'हूं' झालं आणि विरलं. त्या 'हूं'कडे मी लक्ष दिलं नाही, ही माझी चूक. फोरमनदादांनी तोवर एस्टिमेटमध्ये 'कंप्रेसर बदलणे' लिहूनही टाकलं.

मला ते पटेना. कंप्रेसर महाग, हे एक. दुसरं म्हणजे सिस्टिम उघडली की गॅस काढा, भरा, आणि तेल जपा. या कंप्रेसरला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. साध्या गाड्यांना गॅस भरणाऱ्या मशीनमधलं पीएजी तेल त्यात थोडं जरी मिसळलं, तरी इन्सुलेशनचा फॉल्ट येऊ शकतो, म्हणजे वीज गळतेय असं समजून गाडी चालूच होत नाही. आवाज काढायला जायचं आणि गाडीच बंद करून ठेवायची!

दुपारी उन्हात गाडी दामटून आणली, फास्ट चार्जरला लावली, स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडला. पंधरा-वीस मिनिटांनी ती 'घूंऽऽ' आली. कंप्रेसर 3000 आरपीएमच्या आसपास रेंगाळत होता. 3400 ला आवाज गायब, परत 3000 ला हजर. सकाळी एसी फुल असताना तो हा टप्पा झरकन ओलांडून वर गेला होता. बेअरिंग गेलं असतं तर वेगाबरोबर आवाज वाढला असता. हा ठरावीक वेगालाच येतो, म्हणजे काहीतरी त्या कंपनाला साथ देतंय.

हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलपासून लांब राहून लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक पत्र्यावर एकेका जागी टेकवत गेलो. केबिनच्या पुढच्या पत्र्यापाशी कानात भोंगाच वाजला. एसीचा जाड पाइप तिथे क्लॅम्पमध्ये होता, पण क्लॅम्पमधलं रबर नव्हतं. पाइप थेट पत्र्याला टेकलेला. पत्रा म्हणजे ढोलच. जुन्या होजचा तुकडा फटीत सरकवला. आवाज तिथल्या तिथे बंद.

दोन महिन्यांपूर्वी पुढून ठोकर लागली होती, बाहेर काम करून घेतलं होतं, हे काकांना तेव्हा आठवलं.

नवीन रबर बसवलं. कंप्रेसरऐवजी रबर लिहिलेलं बिल काकांनी दोनदा वाचलं, आणि गाडी पुन्हा चार्जरला लावून अर्धा तास आत बसून राहिले. मग काच खाली केली.

"घुमणं गेलं. पण आता बारीक टिकटिक ऐकू येतेय. ही आधीपासून होती का हो?"

होती. त्यासाठी पुढच्या मंगळवारी बोलावलंय.