कॅलिपर बदलायच्या आधी निप्पल सोडून बघा

ऑगस्ट लागला की इकडच्या गॅरेजात एकच रड सुरू होते, पुढचं चाक तापतंय, गाडी एका बाजूला ओढतेय, डिझेल जास्त खातेय. उत्तरही ठरलेलं, कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) जाम झालाय, नवीन टाका. कधी कधी ते बरोबर असतं, पण कितीतरी वेळा नसतं, आणि मग नवीन कॅलिपर बसवूनसुद्धा चाक तापायचं काही थांबत नाही आणि मालक डोक्याला हात लावून बसतो. यंदा आमच्या पिकअपचं जे निघालं ते म्हणून सविस्तर लिहितोय, मच्छीच्या धंद्यातल्या कुणाच्या तरी कामाला येईल.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे गाडीलाही काम नाही. बाकी वर्षभर तिच्यावर बर्फाचं खारट पाणी गळत असतं, मिरकरवाड्याला जेटीवर तर रस्त्यावरच त्या पाण्याची डबकी असतात आणि ते सगळं चाकाच्या आतल्या बाजूला उडतं. गाडी पळते तोवर ब्रेक लागून लागून सगळं हलतं राहतं, पण ऐन पावसात ती महिना दोन महिने दारात उभी राहिली की मीठ आणि ओल मिळून लोखंड खायला लागतात.

आमची गाडी रत्नागिरी-कोल्हापूर लाइनला असते, ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे, चालवतो दादा. सीझन सुरू झाल्या झाल्या त्याने सांगितलं की ब्रेक न मारता पण गाडी डावीकडे जातेय आणि थांबलं की जळका वास येतो. आता इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, चाक कुठे तपासायचं. आंबा घाट उतरून साखरप्याला आल्यावर हात लावून काही कळत नाही, ब्रेक मारून मारून पुढची दोन्ही चाकं तापलेलीच असतात. तपासायचं ते घाट चढून गेल्यावर! चढाला ब्रेकवर पाय जवळजवळ जातच नाही, मग वर आंबा गावात थांबल्यावर एक चाक साधारण कोमट आणि दुसऱ्याजवळ हातसुद्धा नेववत नाही असं असेल तर ते चाक आपण न सांगता ब्रेक धरून बसलंय, नाहीतर बेअरिंग गेलंय. बेअरिंग असेल तर सहसा घुंई घुंई आवाज येतो आणि जॅकवर चाक हलवलं की खेळतं. डिस्कला बोट लावू नका, रिमवर पाण्याचे दोन थेंब टाका, चर्र झालं की समजा. कोरोनात घेतलेली कपाळाची गन इथे चालत नाही, ती अंगातल्या तापापुरतीच मोजते. आणि तापलेल्या डिस्कवर बादलीभर पाणी तर बिलकुल ओतायचं नाही, डिस्क वाकडी होते नाहीतर तडकते.

हे अंगावर काढण्यासारखं नाही हो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आपल्याकडे तर हवेत ओलच ओल. डॉट ३ ग्रेडचं ऑइल ताजं असताना २०५ डिग्रीच्या पुढे उकळतं, ओल धरल्यावर तेच १४० पर्यंत खाली येऊ शकतं. डॉट ४ चं २३० वरून १५५. एक चाक सतत घासून तापतंय, त्यात जुनं ऑइल, वर गाडी घाट उतरतेय, अशात ऑइल उकळून त्याची वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. दादा त्या सीटवर असतो, मला त्याची काळजी आहे.

गॅरेजला गेलो तर मेस्त्रीकाका चाक हाताने फिरवून लगेच म्हणाले, "कॅलिपर गेलाय रे, टाकून देऊया." मी म्हटलं, काका, आधी निप्पल (कॅलिपरवरचा एअर काढायचा पोकळ स्क्रू) सोडून बघूया ना, पाच मिनिटांचं तर काम. काका माणूस चांगला, म्हणाले बघ.

मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅक, खाली टेकूला घोडी. दादाने ब्रेक दाबून सोडला, चाक दोन्ही हातांनी पण फिरेना. मग एअर काढायच्या निप्पलला बारीक नळी लावून दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि निप्पल जरासा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे कॅलिपरचा पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) अडकलेला नव्हता, त्याच्यामागे प्रेशर अडकलं होतं. निप्पल सोडूनही चाक तसंच घट्ट राहिलं असतं तर मग पिस्टन, पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) नाहीतर पॅड, म्हणजे लोखंडाचा दोष. पुढचं सगळं काम कोणत्या बाजूला न्यायचं ते या एका टेस्टवर ठरतं.

मग प्रेशर अडकलं कुठे? मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) ऑइल परत घेत नसेल तर आमच्यासारख्या गाडीत पुढची दोन्ही चाकं धरतील, इथे एकच धरत होतं. तरी खात्री केली. निप्पल आवळला, परत ब्रेक मारला, चाक परत जाम. आता वर जिथे लोखंडी पाइप रबरी होसला, म्हणजे कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या लवचिक नळीला जोडलाय तो नट सैल केला (आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता आणि फ्लेअर पाना वापरला, साध्या पान्याने त्या नटाचे कोपरे गोल होतात). थेंबभर ऑइल आलं आणि चाक जामच. म्हणजे त्या नटाच्या खाली आणि निप्पलच्या वर, होसमध्येच.

होस बाहेरून नवाकोरा दिसत होता, एक चीर नाही. पण तो मध्यावर ज्या लोखंडी पट्टीत धरलाय ती पट्टी बघितली तर गंजून पापुद्रे सुटून जाड झालेली, आणि त्या पापुद्र्यांनी आतल्या आत होस चिमटीत पकडल्यासारखा आवळलेला. लोखंड गंजलं की फुगतं, जुन्या स्लॅबमधली सळई गंजून काँक्रीट फोडते तेच इथे. पाय जोरात दाबतो तेव्हा ऑइल त्या चिमटीतून पुढे जातं, पण परत यायला तेवढा जोर कुठून आणायचा? कॅलिपरमध्ये पिस्टन मागे खेचायला स्प्रिंग नसते हे बऱ्याच जणांना माहीत नाही. पिस्टनभोवतीचा चौकोनी कडेचा रबरी सील ब्रेक लागताना किंचित पिळतो आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतो, बस्स एवढंच. त्या जोराला चिमटीतलं ऑइल हलत नाही. कधी कधी पट्टी ठीक असते पण होसचं आतलं रबर सुटून आतच झडप तयार होते, तेव्हाही लक्षणं हीच.

हे ऐकून सगळे कॅलिपर निर्दोष असं समजू नका. मामेभाऊ देवगडहून वाशीला आंबा नेतो, त्याच्या गाडीला निप्पल सोडून काहीच फरक पडला नाही, कॅलिपर उघडला तर खालची पिन गंजून इतकी घट्ट की हातोडी लावायला लागली. पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ, तिरपा झिजलेला. तिरपा पॅड दिसला की आधी पिना हाताने ओढून बघायच्या, सरळ सरकायला हव्यात. त्याच्या पिनांना कुणीतरी चेसिसला मारतात ते ग्रीस भरलं होतं, त्याने रबर फुगतं. तिथे ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं ग्रीसच पाहिजे. आणि रबरी पार्ट पेट्रोल-डिझेलने धुवायची सवय तर कृपा करून सोडा, सील त्यानेच जातात.

आमच्याकडे होस बदलला, पट्टी घासून गंजाचा प्रायमर आणि रंग मारला, ऑइल सगळं नवीन भरून एअर काढली. उजव्या बाजूची पट्टी पण उघडून बघितली, तिचेही पापुद्रे सुटायला लागलेच होते, म्हणून होस जोडीनेच टाकले. दोन होसचा खर्च एका नवीन कॅलिपरच्या जवळपासही गेला नाही, काकांनीच जुना कॅलिपर पुसून परत बसवला.

आता खेप टाकून आल्यावर दादा गोड्या पाण्याचा पाइप चाकाच्या आत, त्या पट्टीवर मारतो, मग गाडी थोडी फिरवून दोन-चार ब्रेक मारून सुकवतो आणि मगच लावतो. बंदीच्या महिन्यांत गाडी गिअरमध्ये आणि चाकाला दगड, हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, नाहीतर मागचे ब्रेक-लायनर ड्रमला चिकटतात आणि ते सोडवायचं काम याच्यापेक्षा वैतागाचं आहे.