तुम्ही विचारलंत म्हणून: मंडईतला एक फोटो

"विषय दुसऱ्यांनी द्यायचा, तारीख दुसऱ्यांनी ठरवायची, बक्षीस नाही की पैसे नाहीत. मग असले फोटो काढायला कशाला मरायला जातोस?" हे पहिल्यांदा आईने विचारलं होतं. हल्ली घरी आलेले पाहुणे भिंतीवरचं ते वाकलेल्या तुळयांचं लांबडं चित्र बघून तेच जरा सभ्य शब्दांत विचारतात.

'वर्ल्ड वाइड पॅनोरमा' हा उपक्रम डॉन बेन आणि लँडिस बेनेट यांनी अमेरिकेतल्या बर्कलीहून २००४च्या मार्चमध्ये सुरू केला. संपात (दिवस-रात्र सारखे) किंवा अयनदिन (सगळ्यात मोठा नाहीतर लहान दिवस) आला की त्या दोन-चार दिवसांत जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या गावात चारी बाजूंचा, वर-खालचाही, एकेक फोटो काढायचा. पुढे प्रत्येक वेळी विषय येऊ लागला. पूल, पाणी, बाजार असे साधेच. आपल्याकडे जूनचा अयनदिन म्हणजे हमखास पाऊस, भिंगावर थेंब आणि डोक्यावर कुणीतरी धरलेली छत्री. ती छत्रीसुद्धा फोटोत येते, कारण या फोटोत सगळंच येतं.

माझं उत्तर खरं तर तिथेच आहे. एरवी मी फोटो काढतो म्हणजे मुख्यतः काय काय गाळायचं ते ठरवतो. कचराकुंडी डावीकडे राहू दे, वायरींचा गुंता वर राहू दे, मधलं देऊळ तेवढं घे. इथे गाळायची सोयच नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात: उभं कुठे राहायचं आणि कधी. त्यात विषयही दुसऱ्याने दिलेला, म्हणजे आपले आवडते सूर्यास्त बाद.

'बाजार' विषय आला तेव्हा मी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गेलो. लहानपणापासून तिथे पिशवी धरून उभा राहिलोय, पण मान वर करून कधी बघितलं नव्हतं. १८८६ साली उघडलेली ही इमारत, तेव्हाचं रे मार्केट. मधोमध अष्टकोनी मनोरा. ज्योतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. तो शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. आज तीच इमारत त्यांच्या नावाने ओळखली जाते. हे मला माहीत झालं ते फोटोखाली चार ओळी लिहायच्या होत्या म्हणून.

आता कामाचं. असा फोटो म्हणजे गोल फिरत काढलेले तुकडे जोडून केलेलं एकच चित्र. एक डोळा मिटून अंगठा नाकासमोर धरा, मग दुसरा डोळा मिटा. अंगठा उडी मारतो. कॅमेरा ट्रायपॉडवर नुसता फिरवला तर जवळच्या वस्तू अशाच उड्या मारतात आणि जोड जुळत नाही. म्हणून एक खास पट्टी लावून कॅमेरा मागे सरकवायचा, म्हणजे तो भिंगातल्या ठरावीक बिंदूभोवती फिरतो. फिशआय, म्हणजे खूप रुंद बघणाऱ्या, भिंगाने सभोवार सहा, एक वर, एक खाली. उजेडाचं माप पहिल्या फोटोला बांधून टाकायचं, नाहीतर एक गाळा लख्ख आणि शेजारचा काळपट. आणि स्वतः कॅमेऱ्याबरोबर गोल फिरायचं, कायम त्याच्या पाठीशी.

हे असं गोल फिरणं बघून कोथिंबिरीवाल्या मावशींनी विचारलं, "मोजणी आलीय का?" मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही. पलीकडच्या गाळ्यावरच्या काकांनी तर आपली टोपली गुपचूप आत ओढली. अर्धा तास मी कुणाचा माणूस, यावर चर्चा चालली, आणि त्यांची खात्री होईपर्यंत मला थांबावंच लागलं. चहा त्यांनीच पाजला.

घरी जोडकाम करताना कळलं की पाटी घेतलेला एक हमाल माझ्याच वेगाने फिरत होता. सहापैकी तीन फोटोंत तोच. दोन पुसले, एक ठेवला. एका बाईंचं डोकं जोडावर गेलं होतं, ते परत आणायला रात्र गेली. तराजूची साखळी मात्र शेवटपर्यंत जुळली नाही. भिंतीवरच्या प्रतीत नीट बघाल तर दिसेल.

पंधरा दिवसांनी लॅपटॉप घेऊन मंडईत गेलो. मावशींना वाटलं, त्यांचा फोटो असेल. त्यांना बोटाने चित्र फिरवायला शिकवलं. स्वतःच्या गाळ्यावर त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. छत बघितलं, "लईच उंच की" म्हणाल्या, आणि मग चित्र पाठीमागे नेलं, जिकडे त्या रोज पाठ करून बसतात. थोडा वेळ गप्प.

"हे बघ," त्या उठत म्हणाल्या, "माझ्या मागनं यानं टोपल्या कुठवर सरकवल्यात ते!"

लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून त्या भांडायला गेल्या.