विभक्त राहत नाही, असं मी लिहून दिलं

हे लिहायला मला चार महिने लागले. नवरा आता बरा आहे, कामावर जातो, तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून येतो. हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टला राहतो. मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी तो ऑफिसला निघाला आणि घराजवळच्या श्टाटबानच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, थांब्यावर कोसळला. हृदय बंद पडलं होतं. वय 44. फोन आला तेव्हा मी लेकीची वेणी घालत होते, अर्धी तशीच राहिली. मी हॉस्पिटलात पोचले तोवर ॲन्जिओप्लास्टी झाली होती आणि मेंदूवर ताण नको म्हणून त्याला औषधांनी झोपवून ठेवलं होतं. नळ्या, यंत्रांचे आवाज, आणि चादरीबाहेर आलेली त्याची पावलं. पाय उघडे टाकून झोपायची त्याची सवयच आहे. मी आधी चादर ओढली.

मग डॉक्टरीणबाई एक फॉर्म घेऊन आल्या. त्याच्या वतीने उपचारांना संमती कोण देणार, हा प्रश्न होता. मी म्हटलं, मी बायको आहे. त्या म्हणाल्या, हो, पण काही गोष्टी लिहून द्याव्या लागतील. त्याने आधी कुणाला मुखत्यारपत्र दिलंय का? बायकोने आपल्या वतीने निर्णय घेऊ नये, असं त्याने कधी सांगून ठेवलंय का? आणि तिसरा प्रश्न, अगदी शांत आवाजात: तुम्ही विभक्त राहता का?

मला संताप आला. पंधरा वर्षांचा संसार, गळ्यात मंगळसूत्र, पर्समध्ये लग्नाच्या दाखल्याची प्रत, आणि नवरा समोर निपचित पडलेला असताना ही बाई मला हे विचारते? मी म्हटलं, आमचा पत्ता एकच आहे, बघा की. त्या म्हणाल्या, पत्ता एक असून भागत नाही.

नंतर नीट वाचल्यावर कळलं की त्यांचं बरोबर होतं. इथे घटस्फोटासाठी साधारणपणे आधी एक वर्ष विभक्त राहावं लागतं आणि ते वर्ष एकाच छताखालीही काढता येतं. अंथरूण वेगळं आणि चूल वेगळी असली की कायद्याच्या लेखी तुम्ही वेगळे. आणि विभक्त असलेल्या जोडीदाराच्या हाती आपला जीव जाऊ नये, म्हणून तो प्रश्न. खरं तर 2022 संपेपर्यंत जर्मनीत नवरा-बायकोला एकमेकांच्या उपचारांचा निर्णय घ्यायचा आपोआप हक्कच नव्हता. मुखत्यारपत्र नसेल तर कोर्ट कुणाला तरी नेमायचं. बहुतेक वेळा जोडीदारालाच, पण कोर्टाने नेमल्यावर. 1 जानेवारी 2023 पासून तो हक्क मिळाला, तोही फक्त आरोग्यापुरता आणि जास्तीत जास्त सहा महिने. बँकेच्या खात्याला त्याने हात लावता येत नाही. आपल्याकडे हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. आपल्याकडे आयसीयूच्या दाराशी नवऱ्याचा चुलतभाऊसुद्धा सही करून मोकळा होतो.

पण माझा संताप फक्त त्या प्रश्नाचा नव्हता, हे मी इथे खरं सांगणार आहे. आम्ही बारा दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो. मी लेकीच्या खोलीत झोपत होते. भांडण जुनंच: त्याला सांगलीला परत जायचंय, आईवडील थकलेत. मला जायचं नाही. माझी नोकरी इथे मोठ्या कष्टाने लागली, लेक सातवीत आहे, तिचं लिहिणं-वाचणं सगळं जर्मनमध्ये. मी काही चुकीचं मागत होते असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. तरी पेन हातात घेऊन त्या ओळीपाशी थांबले तेव्हा हात थरथरला. अंथरूण वेगळं होतं. चूल? बारा दिवस एक अक्षर न बोलता मी रोज त्याचा डबा भरत होते आणि तो रोज तो घेऊन जात होता.

मी लिहून दिलं: विभक्त राहत नाही. खाली सही केली.

जर्मन नागरी कायद्यात लग्नाबद्दल एक वाक्य आहे, कलम 1353 मधलं: पतिपत्नी एकमेकांची जबाबदारी वाहतात. त्या रात्री हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून मी ते मोबाइलवर चार-पाच वेळा वाचलं. आपल्याकडे कन्यादानाच्या वेळी वधूपिता बजावतो की धर्म, अर्थ आणि काम यांत हिला ओलांडून जाऊ नकोस, आणि नवरा मुलगा म्हणतो, नातिचरामि. आमच्या लग्नात गुरुजींनी ते त्याच्याकडून तीनदा स्पष्ट वदवून घेतलं होतं, मला आठवतंय. मला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. बायकोने काय द्यायचं ते गृहीतच असतं आणि जे गृहीत असतं त्याला मर्यादा नसते. इथेही फार वेगळं नव्हतं म्हणा. 1977 च्या मध्यापर्यंत या देशाच्या कायद्यात लिहिलेलं होतं की बायकोने नोकरी करावी, पण संसाराच्या कर्तव्यांना बाध येणार नाही एवढीच. म्हणजे माझ्या आईच्या वयाच्या जर्मन बायकांनी हे भोगलेलं आहे. पण त्याच 1977 मध्ये त्यांनी ते वाक्य काढलं, आणि आणखी एक गोष्ट केली: घटस्फोट झाला तर लग्नाच्या काळात दोघांनी साठवलेलं पेन्शन निम्मं-निम्मं वाटायचं. बायको घर सांभाळत होती की ऑफिसला जात होती, हे बघायचं नाही.

हे वाचताना मला माझी मावशी डोळ्यांपुढे आली. काकांनी तिला टाकलं ते 1990 च्या सुमारास. वीस वर्षं त्यांच्या आईचं हगमूत काढलं तिने. कलम 125 खाली पोटगीचा दावा लावला तेव्हा कायद्यातली कमाल मर्यादाच महिना 500 रुपये होती, ती केंद्राने काढली 2001 मध्ये. मावशीला मिळाले 300, तेही दर वेळी कोर्टात हेलपाटे घालून. आणि प्रत्येक वेळी नातेवाइकांपैकी कुणी तरी म्हणायचं, अगं, कशाला मागतेस, बरं दिसत नाही. जे लिहिलेलं असतं ते मागताना मान खाली घालावी लागत नाही. मावशीची मान जन्मभर खाली राहिली.

आता त्या डब्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीने मला कापडी पिशवी दिली. आत त्याचा स्टीलचा डबा, एका बाजूला चेपलेला. पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्या, तशाच. आणि चौकोनी कागदावर निळ्या शाईत लिहिलेलं: 7.42 कोसळले. 7.43 छाती दाबायला सुरुवात. 7.51 रुग्णवाहिका आली. खाली नाव, फोन नंबर, आणि एक वाक्य: डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर.

लिहिणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. निवृत्त शिक्षिका, त्याच थांब्यावर उभ्या होत्या. शेजारी एक विशीतला मुलगा होता, ड्रायव्हिंग लायसन्ससाठीचा प्रथमोपचार वर्ग नुकताच करून आलेला. इथे तो वर्ग केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. एकाने दाबायचं, दुसऱ्याने 112 वर बोलायचं, दमलं की बदलायचं, असं दोघांनी आठ मिनिटं केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचे यजमान आज जे काही आहेत ते त्या आठ मिनिटांमुळे.

मी त्या बाईंना फोन केला. बोलताना रडले. त्या जरा गोंधळल्या. म्हणाल्या, हे तर साहजिकच आहे, करायलाच हवं. मी पेढे घेऊन भेटायला येऊ का, तर म्हणाल्या, यजमान घरी आल्यावर दोघं या. फोन तीन मिनिटांत संपला. मला आणखी बोलायचं होतं, उपकार मोठा करून सांगायचा होता. त्यांना तो उपकार वाटतच नव्हता.

खरंच करायला हवं, असा इथे कायदा आहे. संकटात पडलेल्याला शक्य असून मदत केली नाही तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. 2016 मध्ये एसेन शहरात एक वृद्ध गृहस्थ बँकेच्या एटीएमच्या जागेत कोसळले आणि चार ग्राहक त्यांना ओलांडून निघून गेले. ते गृहस्थ पुढे वारले. कॅमेऱ्यात सगळं दिसलं आणि पुढच्या वर्षी कोर्टाने तिघांना दंड केला. म्हणजे कायदा असूनही माणसं ओलांडून जातात. इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही.

आणि आपल्याकडे? अपघात झाला की लोक जमतात पण हात लावायला घाबरतात, कारण पोलीस, जबाब, कोर्टाच्या तारखा. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, त्याआधी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच संरक्षणासाठी केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं. भीती अजून गेलेली नाही. नवऱ्याला हे म्हटलं, सांगलीत पडला असतास तर? तो अजून हॉस्पिटलातच होता, आवाज बसलेला. म्हणाला, टपरीवरच्या पोरांनी रिक्षात घातलं असतं. घातलं असतं, नक्की. पण त्या आठ मिनिटांत छाती कुणी दाबली असती? मी हे त्याला बोलले नाही, इथे लिहिते आहे.

मात्र 2019 चा ऑगस्ट मी विसरू शकत नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45. सासूसासरे गावभागातल्या घरात अडकलेले, आम्ही दोघं स्टुटगार्टमध्ये मोबाइल घेऊन बसलेलो. शेजारच्या काकांनी आणि गल्लीतल्या पोरांनी सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची चार बाजूंनी खांद्याच्या उंचीवर धरून, छातीभर पाण्यातून बोटीपर्यंत नेलं. सासऱ्यांनी देवघरातला बाळकृष्ण पोटाशी धरला होता. पुढचे नऊ दिवस दोघं काकांच्या मेहुण्यांकडे राहिले. त्यांना आम्ही आजवर पाहिलेलंही नाही. कुठल्या कलमात हे बसत नाही. काकांचे पाय धरायला गेले तर ते चिडले होते, वेडी आहेस का म्हणाले. शिक्षिकाबाईंचं साहजिकच आणि काकांचं वेडी आहेस का, मला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

फरक एवढाच की काकांच्या उपकाराचं ओझं मी अजून वागवते. सांगलीला गेले की त्यांच्या घरी जाताना छातीत धडधडतं. त्यांनी उद्या विचारलं, तुम्ही मुलं परत कधी येणार, तर माझ्याकडे उत्तर नाही. हक्काने विचारतील, आणि तो हक्क त्यांना आहे.

नवरा घरी आल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते मुखत्यारपत्राचं. कायद्याने दिलेला हक्क सहा महिन्यांचा, पुढे काय? स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म पसरून बसलो. त्याने माझं नाव लिहिलं, मी त्याचं. बरेच दिवसांनी आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मग पुढचा रकाना आला: वरील व्यक्ती उपलब्ध नसल्यास. दोघंही गप्प. सांगलीत पाच नावं सुचली असती. इथे आठ वर्षं राहून एक सुचेना. मराठी मंडळातली माणसं प्रेमळ आहेत, आजारपणात आळीपाळीने डबे त्यांनीच आणले, पण कुणी आज इथे तर उद्या म्युनिकला.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींचं नाव त्यानेच काढलं. या आजींशी माझं पहिली दोन वर्षं पटत नव्हतं, कारण केरवोखे. जिना झाडायची आठवड्याची पाळी. पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी टांगतात. गंमत म्हणजे त्यांचा केर आणि आपला केर, शब्द सारखाच ऐकू येतो. स्टुटगार्ट शहराने त्याची सक्ती 1988 मध्येच काढली पण आमच्या भाड्याच्या करारात ती आहे. मी एकदा फक्त पायऱ्या झाडल्या, कठडा पुसला नाही, तर आजी मला हात धरून कठड्यापाशी घेऊन गेल्या होत्या. मला वाटलं होतं, हिला माणसांपेक्षा कठडा मोठा. नवरा हॉस्पिटलात असताना आमच्या दोन पाळ्या आल्या. पाटी दारावर लटकलेली दिसली नाही तेव्हा लक्षात आलं की जिना लख्ख आहे, कठड्यासकट.

आम्ही फॉर्म घेऊन वर गेलो. आपल्याकडे अशा वेळी समोरचा म्हणतो, अहो हे काय विचारणं झालं, द्या इकडे. आजींनी चष्मा काढला, पुसला, घातला, सगळी पानं वाचली. म्हणाल्या, उद्या सांगते. रात्रभर मला वाटत राहिलं की आपण विचारायलाच नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या खाली आल्या, हातात वही. हो म्हणाल्या. मग दोन गोष्टी विचारून लिहून घेतल्या. त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि काही झालं तर भारतात आधी कुणाला कळवायचं. नवरा माझ्याकडे बघत होता. मी शेजारच्या काकांचा नंबर सांगितला, आणि आजींनी तो आकडा आकडा म्हणून दाखवत वहीत उतरवून घेतला.