मोबाइलात टाइम दिसतो, मग चावीची घडी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: टाइम बघायला नाहीच. तो मोबाइल जास्त बरोबर सांगतो. चावीच्या घडीची गोडी वेगळी आहे. ती बिघडली तर का बिघडली हे पाठ उघडल्यावर डोळ्यांनी दिसतं, आणि तालुक्याला बसलेला घडीसाज ते दुरुस्त करतो.

एचएमटी कंपनीचं जनता हे मॉडेलच घ्या. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं एचएमटीनं बंगळूरला घड्याळं करायला घेतली. जनताच्या १७ ज्वेलच्या (म्हणजे झीज कमी करणाऱ्या बारीक खड्यांच्या) मशीनचे सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. कानाला लावून ऐका. ठोके लंगडत असतील तर बॅलन्स, म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, नीट बसलेला नाही.

आठवडी बाजारात घेताना मात्र आधी डायल बघा. पुसट डायलवर नवा रंग मारून पुन्हा छापलेल्या घड्या ढिगानं आहेत. दहापट भिंगाखाली अस्सल अक्षरांच्या कडा तासलेल्या दिसतात, रंगवलेल्यांच्या फुगलेल्या, आणि मिनिटाच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत. डाग पडलेली मूळ डायल केव्हाही बरी. चकचकीत लाल-निळ्याच्या नादी लागू नका बाप्पा!

दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे चालतं. एकाएकी कित्येक मिनिटं पुढे पळायला लागली, तर बहुधा चुंबक लागलं. स्पीकरजवळ किंवा मोबाइलच्या चुंबकी कव्हरपाशी ठेवली की हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड पडते, बॅलन्स घाई करतो. घडीसाजाकडचं चुंबक उतरवायचं यंत्र हे मिनिटभरात निस्तरतं.

रात्री बंद पडत असेल तर तेल सुकलंय. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तेल पसरतं, मग घट्ट होतं. मशीन न धुता वरून थेंब सोडणाऱ्याकडे देऊच नका: जुना मळ आणि नवं तेल मिळून चिखल होतो, आणि तो चाकांची टोकं झिजवतो. कापसाच्या हंगामात पाठ उघडायची तर खोली बंद, पंखा बंद. एक तंतू बॅलन्सपाशी गेला तरी घडी थांबते.

चावी रोज सकाळी द्या, बोटाला ताण लागला की थांबा. घामाचा हात आधी पुसा.