मुंबई किती दूर?

"मॅडम, इमानानं मुंबईले किती टाइम लागते?"

रात्रीचे दोन वाजले होते. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या त्या वडिलांनी विचारलं. मुलाचा मेंदू मृत झाल्याची दुसरी तपासणी, नियमाप्रमाणे पहिलीनंतर सहा तासांचं अंतर ठेवून, झाली होती. अवयवदानाच्या फॉर्मवर त्यांची सहीही झाली होती.

"दीडेक तास," मी सवयीनं म्हणाले.

"आमाले तं विदर्भ एक्स्प्रेसनं अख्खी रात लागली होती."

मी नागपुरात प्रत्यारोपण समन्वयक. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर, हे मला झोपेतही सांगता येईल. त्याचा उपयोग थोडाच. दात्याच्या महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा चिमटा, लागला की हृदयाचं घड्याळ सुरू होतं आणि समोरच्याच्या छातीत त्यातून पुन्हा रक्त खेळेपर्यंत ते चालूच राहतं. आम्ही चार तास धरतो. यकृत थोडं जास्त थांबतं, मूत्रपिंड तर दिवसभर. हृदयाला धीर नाही.

साडेतीनला फोन आला. मुंबईचे सर्जन आदल्या रात्रीच येऊन बसले होते, पण परतीचं ठरलेलं जेट मिळणार नव्हतं. पंख्याचं विमान येत होतं. त्यात जानेवारी. थंडीत वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे मुंबईला जाताना तोंडावर. पायलटनं हवेतलेच एक तास चाळीस मिनिटं सांगितले.

मी केसपेपरच्या पाठीवर बेरीज मांडली. हृदय काढून बर्फाच्या पेटीत भरेपर्यंत 30. सोनेगावच्या विमानतळापर्यंत 12, तेही पोलिसांनी सगळे सिग्नल धरून ठेवले तर. विमान उठेपर्यंत 8. मग ते 100. मुंबईतला रस्ता 25, शिवायला 60. झाले 235. हातात 240.

पाच मिनिटं! मुंबईवर दोन घिरट्या घालायला लावल्या की संपली. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि सकाळी आकाशात रांग लागते.

5:10 ला क्लॅम्प लागला. पुढे माझ्या हातात फक्त फोन. अँब्युलन्स 11 मिनिटांत पोचली. मुंबईच्या नियंत्रकांनी विमानाला रांगेत उभंच केलं नाही. 27 नंबरच्या धावपट्टीवर पूर्वेकडून सरळ आत घेतलं. 8:58 ला मेसेज आला: "क्लॅम्प काढला. चालू झालं."

बाहेर आले तर वडील त्याच बाकावर. पोलिसांचे कागद यायचे होते, शववाहिनी फाटकाशी उभी होती.

"पोचलं?"

"पोचलं, काका."

त्यांनी मान हलवली. मग ड्रायव्हरकडे वळून विचारलं, "आपल्याले गावी जायाले किती लागन?"

"रस्ता खराब आहे. दोन तास तरी."